जुन्या टी-शर्टची गोधडी, मुंबईच्या हवेला साजेशी

दादा गेल्यावर आठ महिने वहिनीने त्याचं कपाट उघडलं नव्हतं. मग एका रविवारी तिचाच फोन आला, "वन्सं, येता का? एकटीला नाही जमत." लालबागच्या त्या खोलीत आम्ही दोघी दुपारभर बसलो. शर्ट-पँटी, स्वेटर, चपला सगळं वेगळं केलं, देऊनही टाकलं. उरले फक्त टी-शर्ट. गोविंदा पथकाचे भगवे, मंडळाचे, ऑफिसच्या सहलीचे, मॅरेथॉनचे, आणि कांगा लीगमध्ये क्रिकेट खेळायचा तेव्हाचे दोन पांढरे, ज्यांच्यावरची मैदानाची लाल माती कितीही धुतली तरी गेली नव्हती. हे कुणाला द्यायचे? कोण घालणार? आणि परत कपाटात तरी किती वर्षं ठेवायचे?

त्यातून जी गोधडी झाली ती आज वहिनीच्या पलंगावर असते. त्याआधी मी मुलाच्या शाळेच्या टी-शर्टची एक केली होती, ती बिघडली होती. त्यानंतर चार केल्या. या सहा गोधड्यांत जे हाताला लागलं ते सगळं इथे लिहिते आहे. घरात साधं शिलाई मशीन असेल आणि सरळ टीप मारता येत असेल, तर हे काम तुम्हाला जमेल.

आधी एक गोष्ट ठरवा. इंटरनेटवर टी-शर्टच्या क्विल्टचे जे व्हिडिओ दिसतात ते बर्फ पडणाऱ्या देशांतले. त्यात मध्ये जाड कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा थर असतो. आपल्याकडे जानेवारीच्या रात्रीसुद्धा पारा पंधरा-सोळाच्या खाली क्वचितच जातो, आणि जून ते सप्टेंबर घरातली चादरही दमट लागते. जाड रजई केलीत तर ती वापरात येणार नाही, पावसाळ्यात वाळणार नाही, आणि माळ्यावर जाऊन तिला बुरशी धरेल. म्हणून माझा आग्रह एकच: क्विल्टची कापायची-जोडायची रीत घ्या, पण आतून ती आजीची गोधडी असू द्या. वर टी-शर्ट, मध्ये एक जुनी सुती चादर, खाली जुनी सुती साडी. बस. ती एसीत पांघरता येते, गॅलरीत एका दिवसात वाळते आणि घरच्या मशीनमध्ये धुता येते.

कात्री लावण्याआधी

किती टी-शर्ट लागतील? माझं नेहमीचं माप असं: तयार चौकोन १२ इंचाचा, आडवे ४, उभे ६, म्हणजे एकूण २४ चौकोन. भोवती ४ इंचाचा काठ. एका माणसाला पुरेल अशी साधारण ५६ × ८० इंचांची गोधडी होते. २४ चौकोनांसाठी २४ टी-शर्ट हवेतच असं नाही. बऱ्याच टी-शर्टना पाठीवरही छपाई असते, गोविंदा पथकाच्या टी-शर्टवर तर खरा मजकूर पाठीवरच असतो. चौदा-पंधरा टी-शर्टांत काम होतं. लहान मुलांचे टी-शर्ट असतील तर १२ इंच निघणार नाहीत, तिथे ८ किंवा ९ इंचांचा चौकोन धरा आणि संख्या वाढवा.

सगळे टी-शर्ट एकदा धुऊन घ्या, पण कम्फर्टसारखं मऊ करणारं काहीही पाण्यात घालू नका. त्याचा थर कापडावर राहतो आणि पुढे मागून इस्त्रीने चिकटवायचं कापड, म्हणजे पेस्टिंग, नीट धरत नाही. काखेतले पिवळे डाग काढत बसू नका, तो भाग कापून जाणारच आहे. एखादा डागच जपायचा असेल तर तो टी-शर्ट हाताने हलका धुवा. कांगा लीगच्या टी-शर्टवरच्या मातीबद्दल वहिनीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ती घासायची नाही हं."

गेलेल्या माणसाचे कपडे असतील तर अजून एक सांगते. धुवायच्या आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. कपड्याला माणसाचा वास असतो आणि एकदा धुतला की तो परत येत नाही. आम्ही एक निळा टी-शर्ट न धुता, न कापता, झिपच्या पिशवीत घालून बाजूला ठेवला. कुठला ठेवायचा ते माझ्या भाचीने ठरवलं. आणि प्रत्येक टी-शर्ट कापण्याआधी हँगरला लावून त्याचा फोटो काढा. अख्खा टी-शर्ट पुन्हा बघायला मिळणार नसतो.

सामान

पेस्टिंग ही यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. शिंप्यांच्या भाषेत पेस्टिंग किंवा फ्युजिंग, म्हणजे एका बाजूला गोंदाचे बारीक ठिपके असलेलं, इस्त्रीने चिकटणारं कापड. दुकानदार आधी कॉलरचं कडक पेस्टिंग काढून देतो, ते घेऊ नका, गोधडी पुठ्ठ्यासारखी होईल. कागदासारखं दिसणारंही नको, दोन धुण्यांत त्याचे आत गोळे होतात. "पातळ, मऊ, कापडी पेस्टिंग द्या, कुर्तीच्या गळ्याला वापरतात ते," असं सांगा आणि हातात चुरगळून बघा. ४४ इंच पन्हा असेल तर ३ मीटर पुरतं, ३६ इंच असेल तर साडेचार मीटर घ्या. धुताना आटायला नको म्हणून पाव मीटर जास्त.

काठाला आणि गोटाला (कडेवर दुमडून शिवायच्या पट्टीला) सुती कापड: काठासाठी १ मीटर, गोटासाठी पाऊण मीटर. मी हे मंगलदास मार्केटमधून आणते. तिथे रविवारी जाऊ नका, बंद असतं. दादरकरांना हिंदमाता जवळ पडतं. धागे, सुया, पेस्टिंग हे सगळं भुलेश्वर आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत मिळतं, पण त्यासाठी मुद्दाम दक्षिण मुंबई गाठायची गरज नाही. आपल्या स्टेशनबाहेरच्या 'मॅचिंग सेंटर'मध्येही बहुतेक सगळं असतं. फक्त मशीनची बॉलपॉइंट सुई, १४ नंबरची, मुद्दाम मागून घ्या. टी-शर्टचं कापड होजिअरीचं, म्हणजे फासे गुंतवून केलेलं. साध्या सुईचं टोक टोकदार असतं, ते फासा तोडतं आणि तिथून बारीक भोक मोठं होत जातं. बॉलपॉइंटचं टोक किंचित गोल असतं, ते फाशांच्या मधून वाट काढतं.

मधल्या थराला जुनी डबल बेडची सुती चादर. पाठीला जुनी सहावारी सुती साडी. साडीचे ८८ इंचांचे दोन तुकडे काठाला काठ जोडले की पाठ तयार होते आणि पदर उरतो. नऊवारी असेल तर आनंदच. साडी निवडताना ती उजेडासमोर धरून बघा. बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या टोकाला कापड विरलेलं असतं, तेवढा भाग टाळा. सिंथेटिक साडी कितीही सुंदर असली तरी पाठीला नको, घामाने अंगाला चिकटते.

साडी आणि नवं कापड दोन्ही आधी पाण्यातून काढा. लाल, काळा, गडद निळा रंग असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघा. रंग फडक्यावर आला तर ते कापड या कामाला वापरू नका. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यावर विसंबून पांढऱ्या टी-शर्टशेजारी लाल खण लावू नका.

राहिलं ते साधं: टेलर चॉक, टाचण्या, सेफ्टी पिना, मऊ मलमलीचं फडकं, बटर पेपर, आणि धारदार कात्री. ही कात्री कागदाला लावायची नाही.

आणि एक साचा. पारदर्शक साचा असला की छपाई बरोबर मध्ये येते आहे का ते वरून दिसतं. त्यासाठी घरातली जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. छातीच्या एक्स-रेची मोठी फिल्म १४ × १७ इंचांची असते, त्यातून १३ इंचांचा चौकोन सहज निघतो. मार्कर पेनने मधोमध फुलीसारख्या दोन रेघा मारा आणि कडेपासून अर्ध्या इंचावर चारही बाजूंनी रेघ ओढा. त्या आतल्या रेघेच्या आत जेवढं दिसतं तेवढंच गोधडीत राहणार.

पंधरा, चौदा, तेरा

हे तीन आकडे पाठ करा. टी-शर्ट १५ इंचांचा कापायचा, पेस्टिंग १४ इंचांचं, आणि दोन्ही चिकटल्यावर चौकोन १३ इंचांचा.

माझी पहिली गोधडी नेमकी इथे बिघडली. मी पेस्टिंग लावलंच नव्हतं. टी-शर्ट थेट १३ इंचांचे कापले, तर कापताक्षणी त्यांच्या कडा नळीसारख्या वळल्या. ओढून-ताणून शिवले, तर एक चौकोन साडेबारा भरला आणि दुसरा चौदा. अख्खी गोधडी समुद्रासारखी लाटालाटांची झाली. मुलगा तरीही ती वापरायचा, पण मला तिच्याकडे बघून रोज वाईट वाटायचं. होजिअरी ताणते, विशेषतः आडवी. ते ताणणं थांबवायचं एवढंच पेस्टिंगचं काम.

आधी टी-शर्टच्या बाजूच्या शिवणी आणि बाह्या कापून पुढचा आणि मागचा भाग सुटा करा. छपाई मध्ये ठेवून अंदाजे १५ इंचांचा तुकडा काढा, इथे अचूक असायची गरज नाही. छपाई गळ्याच्या फार जवळ असेल तर वर पुरेसं कापड मिळत नाही. अशा वेळी गळ्याची पट्टी तशीच चौकोनात येऊ द्या, तिच्यामागे त्याच टी-शर्टच्या बाहीचा तुकडा लावून अर्धगोल भरून काढा. पोलो टी-शर्टची बटणपट्टीही अशीच राहू द्यावी. बटणं लावून, पट्टी कडेने टीप मारून बंद करा. दादाच्या पांढऱ्या टी-शर्टचं वरचं बटण वहिनीने कधीतरी वेगळ्या दोऱ्याने लावलेलं होतं, ते आता गोधडीच्या तिसऱ्या ओळीत आहे.

छातीवर डाव्या बाजूला छोटासाच लोगो असेल तर त्यासाठी अख्खा चौकोन घालवू नका. असे चार तुकडे प्रत्येकी ७ इंचांचे कापून, अर्धा इंच शिलाई सोडून जोडले की बरोबर १३ इंचांचा एक चौकोन होतो. मात्र त्या सातांच्या तुकड्यांनाही आधी पेस्टिंग हवंच.

कापडी पेस्टिंग आधी कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. पिळू नका, तसंच निथळत दांडीवर टाका. वाळलं की १४ इंचांचे चौकोन कापा. पेस्टिंग ओढून बघा, ज्या बाजूने ते कमी ताणतं ती बाजू टी-शर्टच्या आडव्या दिशेला ठेवा.

आता इस्त्री. टेबलावर चादरीची घडी, तिच्यावर बटर पेपर, त्यावर टी-शर्ट पालथा, म्हणजे छपाई खाली. बटर पेपर विसरू नका. छपाई रबरासारखी जाड असेल तर उष्णतेने ती विरघळून चादरीला चिकटते आणि उचलताना सोलून निघते. टी-शर्ट हाताने सपाट करा, पण ओढू नका. त्यावर पेस्टिंग, गोंदाची खरखरीत बाजू खाली. चारही बाजूंना टी-शर्ट अर्धा इंच बाहेर दिसला पाहिजे, नाहीतर गोंद इस्त्रीच्या चादरीला लागतो. वर ओलसर मलमलीचं फडकं. इस्त्री मधोमध टेकवा, दाबा, मनात बारापर्यंत मोजा, उचला, पुढच्या जागी टेकवा. नेहमीच्या कपड्यांसारखी इस्त्री फिरवली तर खालचं कापड सरकतं आणि सुरकुती कायमची चिकटते. मधून कडांकडे जा. पूर्ण गार होईपर्यंत तुकडा हलवू नका, गोंद गार होतानाच घट्ट धरतो.

मॅरेथॉनचे आणि जिमचे टी-शर्ट पॉलिएस्टरचे असतात. आताची मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, त्यानंतर आपल्याकडे घरोघरी असे जाळीदार टी-शर्ट साठले आहेत. त्यांना सुती टी-शर्टची गरमी लावली तर कापड आक्रसतं आणि त्यावर चकचकीत डाग पडतो. इस्त्री खालच्या आकड्यावर ठेवा, वेळ थोडा वाढवा, आणि आधी बाहीच्या तुकड्यावर करून बघा. जाळी फार मोठी असेल तर गोंद भोकांतून आरपार येतो, तिथेही बटर पेपर तुम्हाला वाचवतो.

२४ चौकोनांना इस्त्री करायला माझे दोन दिवस जातात. घाई करायची तर नंतर कुठेतरी करा, इथे नको.

मग साचा ठेवा, छपाई मध्ये आणा, चॉकने रेघ मारा आणि १३ इंचांचा चौकोन कापा. मजकूर तिरका छापलेला असेल तर टी-शर्टच्या कडेपेक्षा अक्षरांच्या ओळीकडे बघून साचा सरळ करा. डोळ्याला अक्षरंच दिसतात.

मांडणी

वन रूम किचनमध्ये २४ चौकोन पसरायला जागा कुठून आणायची, हा खरा प्रश्न. मी डबल बेडवरची गादी रिकामी करून तिच्यावर मांडते. काहींनी जेवणं उरकल्यावर हॉलमध्ये जमिनीवर मांडून, फोटो काढून पुन्हा गोळा केलेलं पाहिलं आहे. तेही चालतं, फक्त प्रत्येक चौकोनाला नंबराची चिठ्ठी टाचणीने लावा: १-१, १-२, १-३ असं, म्हणजे पहिली ओळ पहिला, पहिली ओळ दुसरा.

रंग विखुरलेत का हे बघायचं असेल तर मोबाइलवरचा फोटो काळा-पांढरा करून पाहा. गडद चौकोन एका कोपऱ्यात साठले असतील तर लगेच कळतं. गोविंदाचे पाच भगवे चौकोन आम्ही आधी एका ओळीत मांडले होते, तर गोधडी झेंड्यासारखी दिसायला लागली. मग ते मनोऱ्यासारखे लावले, खाली तीन, वर दोन. जाड रबरी छपाईचे चौकोन एकमेकांना चिकटून ठेवू नका, तिथे गोधडी कडक होते आणि घडी पडत नाही.

या पायरीवर घरातल्यांना बोलवा. आमच्याकडे मांडायलाच एक अख्खी संध्याकाळ लागली, कारण प्रत्येक टी-शर्टमागे एक गोष्ट निघत होती. २-३ च्या जागी काय यावं यावरून वहिनी आणि भाचीचं थोडं वाजलंही. भाचीचं ऐकलं.

जोडणी

आधी आडव्या ओळी. दोन चौकोन सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून अर्धा इंचावर टीप. टाका ३ मिलिमीटरचा, म्हणजे कपड्यांना घालतो त्यापेक्षा जरा मोठा. मशीनच्या पायाचा दाब कमी करता येत असेल तर करा. छपाई शिलाईत येत असेल तर रबर पायाला चिकटून कापड पुढे सरकत नाही, अशा वेळी शिवताना वर बटर पेपरची पट्टी ठेवा आणि नंतर ती फाडून काढा.

चार चौकोनांची ओळ ४९ इंच भरली पाहिजे. प्रत्येक ओळ मोजा. अर्ध्या इंचाचा फरक आत्ता उसवून सुधारता येतो, सहा ओळी जोडल्यावर येत नाही. शिलाया उलट्या बाजूने उघडून इस्त्री करा, एका बाजूला वळवल्या तर तिथे जाड वळ येतो. मग ओळी एकमेकींना जोडा. आधी चौकोनांचे सांधे टाचण्यांनी जुळवा, मधलं कापड आपोआप बसतं.

मशीन नसेल तर कापलेले, पेस्टिंग लावलेले, नंबर घातलेले चौकोन गल्लीतल्या शिंप्याला द्या. सुट्टे टी-शर्ट घेऊन गेलात तर बहुतेक जण नाही म्हणतील, तयार चौकोन पाहिले की सरळ टिपांचंच काम आहे हे त्यांना कळतं.

काठासाठी ५ इंच रुंदीच्या पट्ट्या. आधी दोन लांब बाजूंना, मग वर-खाली. टी-शर्टांचा गोंगाट पुष्कळ असतो, म्हणून काठ शक्यतो एकरंगी ठेवा. वहिनीच्या गोधडीला मी करड्या रंगाचा सुती काठ लावला.

थर आणि टाके

जमीन स्वच्छ पुसून वाळू द्या. साडीची पाठ उलटी पसरा, सुलटी बाजू जमिनीकडे, आणि कडा कागदी चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. ताठ हवी, ताणलेली नको. त्यावर चादर, त्यावर टी-शर्टचा भाग. खालचे दोन्ही थर वरच्यापेक्षा चहूबाजूंनी ३ इंच मोठे ठेवा. हाताने मधून बाहेर सारवल्यासारखं सपाट करत जा.

आता कच्चा धावदोरा. लांब-लांब टाके, ओळींमध्ये चार-पाच इंच अंतर, आधी उभे मग आडवे. सेफ्टी पिनांनीही होतं, पण रबरी छपाईत पिनेचं भोक राहून जातं, म्हणून पिना फक्त मोकळ्या कापडात.

पक्क्या टाक्यांच्या दोन वाटा आहेत. मशीनवर केवळ चौकोनांच्या जोडावरून टीप मारली तर एका दिवसात काम होतं. वॉकिंग फूट (मशीनला लावायचा वेगळा पाय) मिळाला तर तो लावा, तो वरचा थरही खालच्या बरोबरीने ओढतो. पाठीला चुण्या पडत नाहीत.

दुसरी वाट हाताची, आणि माझं मन तिकडेच आहे. आजी गोधडी शिवायची ती कडेने सुरू करून चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत जायची, पाट्यावरच्या रेघांसारखे एकसारखे टाके. तिचे थर जुन्या लुगड्यांचे, लोण्यासारखे मऊ. आपल्या चौकोनांना पेस्टिंग आहे, म्हणून सुई जरा अडते. त्यासाठी मधून बाहेर जा, म्हणजे फुगा राहिला तर तो कडेला सरकत जातो. दोरा जाड सुती घ्या, अँकरचा पर्ल कॉटन ८ नंबर मला आवडतो. बोटात अंगुस्तान घाला. टाका पाव इंचाचा. एकदम चार टाके सुईवर घ्यायचा हट्ट नको, दोन-दोन पुरेत.

छपाईतून सुई घालू नका. रबराला पडलेलं भोक मिटत नाही आणि तिथून छपाई तडकते. त्याऐवजी छपाईच्या भोवतीने धावदोरा घाला, अक्षरांच्या, चित्राच्या कडेकडेने. गोविंदाच्या मनोऱ्याभोवती पांढऱ्या दोऱ्याची एक रेघ आली की तो चौकोन उठून दिसतो. हाताने शिवताना बेत असा ठेवा की तळहाताएवढी जागा कुठेही बिनटाक्याची राहणार नाही. मोठ्या छपाईमुळे राहिलीच, तर तिच्या चार कोपऱ्यांना घट्ट गाठी मारा.

मला हाताने साधारण दीड महिना लागतो, संध्याकाळी तासभर धरून. उन्हाळ्यात मांडीवर गोधडी घेऊन बसवत नाही आणि पावसाळ्यात कापड ओलसर राहतं, म्हणून मी दिवाळीनंतर बसते. वहिनीच्या गोधडीला तिने, भाचीने आणि मी, तिघींनी टाके घातले. भाचीचे टाके मोठे-लहान आहेत. ते उसवायचे नाहीत असं आधीच ठरलं होतं.

गोट

कच्चे धागे काढू नका अजून. आधी कडा सरळ कापा, तिन्ही थर सारखे करा. गोटासाठी अडीच इंचांच्या आठ पट्ट्या, तिरक्या जोडाने एकमेकींना जोडा, सरळ जोडला तर एका जागी कापडाचे थर साठतात. पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा. दुमडीची बाजू आत आणि कापलेल्या कडा गोधडीच्या कडेला, वरच्या बाजूने अर्धा इंचावर टीप मारा. कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी थांबा, दोरा तोडा, पट्टी सरळ वर दुमडा, मग खाली आणा आणि नव्या बाजूला कडेपासून सुरुवात करा. उलटवल्यावर कोपरा पाकिटासारखा बसतो. पट्टी मागे वळवून हातानेच तुरपाई घाला, मशीनची टीप मागे क्वचितच सरळ येते.

आता कच्चा दोरा काढा.

एका कोपऱ्यात मागच्या बाजूला छोटी पट्टी लावा: कुणाचे कपडे, कुणी शिवली, कुठल्या साली. पेनने लिहिलेलं धुण्यात जातं, म्हणून दोऱ्याने भरा. आमच्या पट्टीवर भाचीने फक्त "बाबा" असं भरलं आहे, आणि साल.

धुणं आणि ठेवणं

पहिलं धुणं एकटं, गार पाण्यात, उलटी करून. ही गोधडी साधारण दोन किलोच्या आत भरते, घरच्या साडेसहा किलोच्या मशीनला ती जड नाही. ब्लीच नको, गरम पाणी नको, ड्रायर नको. गोंद आणि रबरी छपाई, दोघांचं गरमीशी वैर आहे. सुकवताना दांडीवर मधोमध लोंबकळत टाकू नका, ओली असताना सगळं वजन एका रेघेवर येतं. दोन दांड्यांवर पसरून टाका, शक्यतो सावलीत, भगवा आणि लाल रंग उन्हात लवकर उतरतो. इस्त्री करायची वेळ आलीच तर साडीच्या बाजूने.

ठेवायची असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत नाही. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात घालून ठेवा, सोबत कडुलिंबाचा कडकडीत वाळलेला पाला. छपाईवर छपाई येईल अशी घडी घालू नका, महिनोन्‌महिने दाबून राहिल्यावर दोन रबरं एकमेकांना चिकटतात. साडीची बाजू बाहेर आणि मध्ये जुनं धोतर किंवा पंचा असा थर घाला. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून पंख्याखाली उलगडा.

सगळ्यात चांगलं म्हणजे ती आत ठेवूच नका. वहिनीची रोज वापरात असते, त्यामुळे तिला बुरशी लागायची भीतीच नाही. मागच्या वर्षी एका चौकोनाची कड उसवली होती, तर मी गेले तेव्हा वहिनी सुई-दोरा घेऊन तीच शिवत बसली होती, मातीच्या डागाच्या अगदी शेजारी.